पोर्शन न सोडता विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याचा विषय वर्गात कसा आणायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिल्या वर्षाला गणित आणि संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेला विभागाने कळवलं आहे की पुढच्या सत्रापासून प्रत्येक विषयात विद्यार्थ्यांच्या मानसिक-शारीरिक स्वास्थ्याचा काही भाग यायला हवा. त्या विचारतात: पोर्शन आधीच जेमतेम संपतो, हे कुठे बसवू? मी समुपदेशक नाही, चुकीचं काही बोलले तर? आणि वर्गात कुणी रडायलाच लागलं तर काय करू?

मी २० वर्षांहून जास्त काळ हेच दोन विषय शिकवतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं नेमका हाच उद्योग करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात आधी, त्यासाठी वेगळं लेक्चर ठेवू नका. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. सत्राच्या मध्यावर एक तास काढला, ताणतणाव आणि झोप यांवर स्लाइड तयार केल्या, मनापासून बोललो. पाचव्या मिनिटाला पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हे परीक्षेला आहे का?" मी नाही म्हणालो आणि वर्गातली पेनं खाली गेली. त्यात मुलांचं काही चुकलं नव्हतं. ज्याला आपणच विषयाच्या बाहेर ठेवलं, ते त्यांनीही बाहेरच ठेवलं. त्या दिवसापासून मी एकच पथ्य पाळतो. स्वास्थ्याचा जो मुद्दा माझ्या विषयाचं काम करतो, तोच वर्गात येतो. उदाहरण तर तुम्ही देणारच आहात, ते कशाचं द्यायचं एवढंच ठरवायचं आहे.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात २००५ पासून एंगलहार्ड प्रकल्प चालू आहे, त्याचा गाभा हाच. तिथे प्राध्यापक आपल्या नेहमीच्या विषयात स्वास्थ्याचा एक मुद्दा गुंफतात, विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतलं कुणीतरी एका तासाला वर्गात येऊन बोलतं आणि विद्यार्थी त्यावर चिंतनपर काही लिहितात. जीवशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, असे वेगवेगळे विषय त्यात आले आहेत. पुढे २०१५ मध्ये कॅनडात केलोना इथे ओकानागन सनद तयार झाली. विद्यापीठाच्या संस्कृतीच्या, कारभाराच्या आणि अध्यापनाच्या प्रत्येक अंगात आरोग्य रुजवावं, असं आवाहन तिच्यात आहे. तुमच्या विभागाकडे जो कागद आला आहे, त्यामागे बहुधा अशाच विचारांची हवा असणार. पण सनदेतून तास कसा घ्यायचा ते कळत नाही, म्हणून एक तास जवळून दाखवतो.

संख्याशास्त्रात बेजचं प्रमेय, म्हणजे नवी माहिती हाती आल्यावर संभाव्यता कशी बदलते ते सांगणारं सूत्र, तुम्ही शिकवताच. पाठ्यपुस्तकात त्याला पिशवीतल्या लाल-पांढऱ्या गोट्या असतात, किंवा कारखान्यातले सदोष बल्ब. मी तिथे पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाळणी-चाचणी घेतो. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. साधारणपणे १० किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढची तपासणी करावी, असं मानतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ अभ्यासात या सीमेला संवेदनशीलता (नैराश्य असलेल्यांपैकी किती जण चाचणीत सापडतात) ८८ टक्के आणि विशिष्टताही (नैराश्य नसलेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह येतात) ८८ टक्के आली होती. फळ्यावर मी एवढंच लिहितो आणि विचारतो: एखाद्याला १२ गुण आले, तर त्याला नैराश्य असण्याची संभाव्यता किती? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, ८८ टक्के.

मग मोजायला बसतो. १००० विद्यार्थी धरू, आणि त्यातल्या १०० जणांना खरोखर नैराश्य आहे असं गणितापुरतं मानू. त्या १०० पैकी ८८ चाचणीत सापडतात, १२ निसटतात. उरलेल्या ९०० पैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जण, काही नसताना पॉझिटिव्ह येतात. एकूण पॉझिटिव्ह १९६, त्यातले खरे ८८. भागाकार केला की ४५ टक्के. इथे वर्गात नेहमी कुजबुज होते. काहीजण पुन्हा गुणाकार करून बघतात. मग मी तेच गणित समुपदेशन केंद्रात स्वतःहून आलेल्या मुलांसाठी करायला सांगतो, जिथे प्रमाण समजा ४० टक्के आहे. आता पॉझिटिव्ह ४२४, त्यातले खरे ३५२, म्हणजे ८३ टक्के. चाचणी तीच, गुण तेच, आणि अर्थ केवढा बदलला! पूर्वसंभाव्यता (चाचणीच्या आधीची संभाव्यता) म्हणजे काय हे गोट्यांच्या पिशवीतून जेवढं कळतं, त्याहून कितीतरी जास्त या दोन आकड्यांतून कळतं. परीक्षेतल्या उत्तरपत्रिकांत मला ते दिसतं.

शेवटच्या पंधरा मिनिटांना मी समुपदेशिकेला बोलावतो. त्या भाषण करत नाहीत. समोरचे आकडे वापरून त्या सांगतात की पॉझिटिव्ह आलं म्हणजे निदान झालं असं नसतं, ते फक्त पुढच्या बोलण्याचं निमंत्रण असतं. पहिल्या भेटीत काय विचारतात, किती वेळ लागतो, काय गुप्त राहतं आणि काय राहू शकत नाही, तेही त्या सांगतात. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी, सत्रभर एक शब्दही न बोललेली, हात वर न करताच म्हणाली, "आणि ते निसटलेले बारा?" वर्ग शांत झाला. समुपदेशिकेने तिच्याकडे बघून सांगितलं की कागदावर गुण कमी आले, पण तुला त्रास होतोय असं तुलाच वाटत असेल, तर तेवढं कारण पुरेसं आहे. दाराशी गुण कुणी विचारत नाही. हे वाक्य मला कधी सुचलं नसतं. समुपदेशक वर्गात हवा तो याचसाठी. दुसरं असं की मुलांनी तो चेहरा एकदा पाहिलेला असतो. अनोळखी दार ठोठावण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडे जाणं सोपं.

यात एक गोष्ट कटाक्षाने टाळा. ही चाचणी वर्गात मुलांकडून भरून घेऊ नका, निनावीसुद्धा नाही. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो कागद तुमच्या हातात आला आणि त्यावर खूण असली, तर ती कुणाची हे माहीत नसताना तुम्ही काय करणार? जी माहिती हाती आल्यावर मदत करण्याची आपली तयारी नाही, ती गोळाच करायची नाही.

गणिताच्या बाजूला चला. पहिल्या दर्जाच्या अवकल समीकरणाला मी कॅफिन घेतो. शरीरातलं कॅफिनचं अर्धायु साधारण ५ तास धरतात. संध्याकाळी ६ ला २०० मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री ११ ला १०० उरतं, पहाटे ४ ला ५०. मुलं हे स्वतः काढतात आणि न सांगताच आपापल्या रात्रीचा हिशेब करू लागतात. मग स्थिरांकाकडे वळायचं: धूम्रपान करणाऱ्यांत हे अर्धायु जवळपास निम्मं होतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत साधारण दुप्पट. समीकरण तेच, फक्त k, म्हणजे उतरण्याचा वेग ठरवणारा स्थिरांक, वेगळा. त्याच्या शेजारी मद्य ठेवा. मद्याचं प्रमाण घातांकी वक्राने उतरत नाही. नेहमीच्या पातळ्यांना ते जवळजवळ सरळ रेषेत उतरतं, रक्तातलं प्रमाण ताशी सुमारे ०.०१५ टक्क्यांनी. कॉफी, थंड पाणी, अंघोळ यांनी त्या रेषेचा उतार बदलत नाही. एक आलेख वाकडा, एक सरळ. असं का, या प्रश्नावर अर्धा तास उत्तम चर्चा होते आणि शून्य-क्रम (ठरावीक वेगाने घटणं) व प्रथम-क्रम (उरलेल्याच्या प्रमाणात घटणं) यांतला फरक मुलं पुन्हा विसरत नाहीत. "पिऊ नका" हे शब्द मी उच्चारतसुद्धा नाही.

झोपेसाठी माझा आवडता दाखला २००३ च्या एका प्रयोगाचा आहे. निरोगी प्रौढांना १४ दिवस रोज ४, ६ किंवा ८ तास झोपू दिलं आणि त्यांचं लक्ष, स्मरण तपासत राहिले. सहा तासवाल्यांचीही कामगिरी दिवसेंदिवस घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांच्या पातळीला पोचली. पण "किती झोप येतेय" या प्रश्नाची त्यांची उत्तरं काही दिवसांनी जवळपास जागच्या जागी थांबली. म्हणजे घसरण चालू होती, आणि घसरतोय हे त्यांचं त्यांनाच जाणवत नव्हतं. प्रतिगमन (रिग्रेशन), पुनरावृत्त मोजमाप, स्वयंकथित माहितीचा भरवसा किती, हे सगळं यातून शिकवता येतं. "मला सहा तास पुरतात" असं म्हणणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याच्याशी वाद घालावा लागत नाही. आलेखातल्या दोन रेषा फाकत जाताना त्याला दिसतात.

आलेख-सिद्धान्त (ग्राफ थिअरी, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचं गणित) शिकवत असाल तर मैत्रीचा विरोधाभास सोडू नका. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये तो मांडला: सरासरीने पाहिलं तर आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. पाच बिंदू काढा, एक मध्यभागी, बाकी चार फक्त त्याला जोडलेले. प्रत्येकाला सरासरी १.६ मित्र. आता प्रत्येकाच्या मित्रांना किती मित्र, ते काढा: चौघांना ४, मधल्याला १, सरासरी ३.४. ज्याला खूप मित्र आहेत तो खूप जणांच्या यादीत येतो, एवढंच कारण. पहिल्या सत्रात वसतिगृहात एकट्या पडलेल्या, बाकी सगळ्यांचं मस्त चाललंय असं वाटणाऱ्या मुलाला या आकृतीने किती हायसं वाटतं, ते मी पुढच्या आठवड्याच्या लेखनात वाचलं आहे.

इतर विषयांबद्दल ओझरतं सांगतो, कारण विभागातले सहकारी तुम्हाला विचारतीलच. स्थापत्यात दिवसाचा उजेड आणि आवाज, संगणकशास्त्रात लक्ष खेचून ठेवणाऱ्या सूचनांची रचना, कायद्यात गोपनीयता आणि संमती, साहित्यात शोक, इतिहासात साथी आणि अलगीकरण. आपल्या विषयात असं काहीच नाही म्हणणारे भेटतात. पण त्यांच्याबरोबर सिलॅबस उघडून अर्धा तास बसलं की दोन-तीन जागा निघतातच.

आता माझी एक चूक. सहसंबंध शिकवताना मुलांचीच माहिती वापरली की त्यांना रस वाटेल, म्हणून मी एका वर्षी वर्गाची उंची आणि वजनं गोळा केली. चिठ्ठ्यांवर नावं नव्हती. पण फळ्यावर बिंदू मांडले तेव्हा एक बिंदू बाकीच्यांपासून लांब पडला, आणि तो कुणाचा हे सगळ्यांना कळलं. मी तर त्याला "हा आउटलायर" असं म्हणून खडूने गोल केला. तो विद्यार्थी पुढचे दोन आठवडे आला नाही. मी जाऊन माफी मागितली, त्याने ती दिलीही, पण ते गोल वर्तुळ माझ्या मनातून गेलेलं नाही. त्यानंतर मी वर्गाची स्वतःची शरीराबद्दलची माहिती कधीच वापरत नाही. वजन, कॅलरी, देहमान निर्देशांक हे तर अजिबात नाही. खाण्याशी झगडणारं कुणीतरी वर्गात असतंच असं धरून चालावं, आणि कॅलरी मोजायला लावणं अशा विद्यार्थ्याला खरोखर घातक ठरू शकतं. माहिती नेहमी दुसरीकडची, आधी प्रसिद्ध झालेली. विषय नाजूक असेल तर आदल्या तासाला सांगून ठेवायचं, आणि ज्याला नको त्याला त्याच तोलामोलाचं दुसरं गणित द्यायचं, कारण न विचारता.

आत्महत्येचा विषय आकडेवारीत आला, तर पद्धतींचा उल्लेख नको, आणि कुणाच्या मृत्यूची रंगवून सांगितलेली हकीकत नको. बोलायचं ते मदत कुठे मिळते आणि लोक त्यातून बाहेर येतात याबद्दल.

पोर्शनचा तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब देतो. एका सत्रात मी असे तीनच मुद्दे घेतो. प्रत्येक मुद्दा आधीच्या एखाद्या उदाहरणाची जागा घेतो, त्यामुळे वेळ वाढत नाही. वाढतो तो समुपदेशिकेचा वेळ आणि थोडी चर्चा, मिळून साधारण एक तास. तो तास मी उजळणीतून काढतो. पाच-सहा मुद्दे कोंबायचा मोह होतो, मलाही झाला होता. तसं केलं की मुलांना वास येतो की यांना काहीतरी उपदेश करायचा आहे.

चिंतनपर लेखन ठेवायचं असेल तर एक पान पुरे. प्रश्न विषयाशी बांधलेला हवा, उदाहरणार्थ "४५ टक्के हा आकडा पाहिल्यावर चाचणीबद्दल तुमचं मत कुठे बदललं?" स्वतःबद्दल लिहिण्याची सक्ती नको. लिहिलं आणि वेळेत दिलं, की पूर्ण गुण. मजकुराला गुण देऊ नका, नाहीतर दुःखाची स्पर्धा लागते. आणि हे काम देतानाच स्पष्ट सांगा की मी हे वाचणार आहे, आणि कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही.

यापेक्षा महत्त्वाचं असं एक आहे आणि ते फारसं कुणी बोलत नाही. वर्गात झोपेचा आलेख दाखवायचा आणि असाइनमेंटची डेडलाइन रात्री ११:५९ ठेवायची, हे मी कित्येक वर्षं केलं. एकदा सबमिशनच्या वेळा नीट पाहिल्या. शेवटच्या तासात रांग लागलेली, आणि उशिरा आलेली बरीचशी पहाटेची. ती जागरणं मीच घडवत होतो. आता डेडलाइन संध्याकाळी ५ ला असते. प्रत्येकाला सत्रात उशिराचे दोन दिवस मिळतात, कारण न सांगता वापरायचे. छोट्या चाचण्यांतली सगळ्यात कमी गुणांची एक मोजायची नाही. यामुळे शिस्त बिघडली नाही. खोट्या आजारपणाच्या चिठ्ठ्या मात्र जवळपास थांबल्या, आणि मग जो खरंच अडचणीत आहे तो ओळखू येऊ लागला. विभागाने फक्त एकच बदल करायला परवानगी दिली, तर मी तुम्हाला बेजच्या तासाआधी हा करायला सांगेन.

राहिला रडण्याचा प्रश्न. वर्गात क्वचितच कुणी रडतं. बहुतेक वेळा तास संपल्यावर कुणीतरी रेंगाळतं, वही बॅगेत भरायला फार वेळ लावतं. तेव्हा घाई करू नका. बाकीचे जाऊ द्या, दार उघडं ठेवा, बसा. "तासाला तुझं लक्ष कुठेतरी लांब होतं, बरं आहे ना?" एवढं पुरतं. मग ऐकायचं. उपाय सुचवायचे नाहीत, स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांची गोष्ट सांगायची नाही, आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. बोलण्यात "सगळं संपवावंसं वाटतं" अशा अर्थाचं काही आलं, तर सरळ विचारायचं: आत्महत्येचे विचार येतात का? विचारल्याने ते विचार डोक्यात घातले जातात अशी भीती बहुतेकांना वाटते; आजवरच्या संशोधनात तसा आधार सापडलेला नाही, आणि पुष्कळांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच क्षणी समुपदेशकाला किंवा तातडीच्या सेवेला फोन करायचा. एवढंच तुमचं काम, आणि त्याला समुपदेशनाची पदवी लागत नाही. पुढचं सगळं त्यांचं.

म्हणून सत्र सुरू होण्याआधी समुपदेशन केंद्रात एकदा स्वतः जाऊन या. कोण असतं, किती वाजेपर्यंत असतं, सुट्टीच्या दिवशी फोन कुणाला करायचा, वाट कुठून जाते, हे बघून ठेवा. मी विद्यार्थ्याला नंबर देऊन पाठवत नाही. त्याची इच्छा असेल तर त्याच्याबरोबर चालत जातो. आमच्या इमारतीपासून तिथपर्यंत सहा-सात मिनिटं लागतात. वाटेत बहुतेक वेळा काहीच बोलणं होत नाही. दाराशी त्याची ओळख करून देतो आणि परत फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी एका ओळीचा निरोप पाठवतो की तासाला ये, तुझी जागा तिथेच आहे.